कानातला नंबर आणि गळ्यातला पट्टा

बडोद्याहून आणंद जेमतेम चाळीस किलोमीटर. वासदला महीचा पूल ओलांडला की चरोतर लागतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी आणि तंबाखूची शेतं. आणंदला 1946 साली अमूलचा दूध संघ सुरू झाला, हे आपण शाळेपासून ऐकतो, पण डेअरी पाहून परत फिरतो. गोठ्यापर्यंत जाणारे थोडे. मी सॉफ्टवेअरमधला माणूस. गाईंच्या गळ्यात सेन्सर बांधतात हे ऐकून होतो, म्हणून या पावसाळ्यात ओळखीतून जवळच्या एका गावातले दोन गोठे पाहिले.

पहिला गोठा घरामागेच, चार म्हशींचा. प्रत्येकीच्या कानात पिवळा बिल्ला आणि त्यावर बारा आकडी नंबर, जणू जनावराचं आधारकार्ड. लसीकरण, कृत्रिम रेतन, मालकाचं नाव, सारं त्या नंबरावर सरकारी ॲपमध्ये नोंदलं जातं. मालकीणबाईंना मी विचारलं, "मासी, हा बिल्ला का लावून घेतला?" उत्तर रोखठोक होतं, "म्हैस मेली तर विम्यासाठी नंबर लागतो." सेन्सरच्या पट्ट्याचं नाव काढल्यावर मात्र त्या हसल्या. "चार तर आहेत! एखादीचं ओरडणं बदललं तर मला चुलीपाशी कळतं."

दुसरा गोठा गावाबाहेर, साठ संकरित गाईंचा. तो चालवणारा तरुण माझ्याच वयाचा. इथे जवळपास प्रत्येक गाईच्या गळ्यात पट्टा होता. आपल्या फोनमध्ये हालचाल ओळखणारी चिप असते, तशीच त्यातही असते. गाय किती चालली, किती वेळ रवंथ केला, हे ती मोजत राहते.

हे मोजून काय मिळतं? गाय साधारण 21 दिवसांनी माजावर येते आणि माज टिकतो बारा-अठरा तास, तोही पुष्कळदा रात्री. तेवढ्यात रेतन झालं तर ती गाभण राहण्याची शक्यता. माज हुकला की पुन्हा 21 दिवस थांबायचं. चारा-पेंडीचा खर्च चालू, पुढचं वेत मात्र लांबलेलं. माजावरची गाय अस्वस्थ होऊन जास्त फिरते, रवंथ कमी करते. पट्ट्याला ते कळतं आणि फोनवर सूचना येते. आजारी जनावराचाही रवंथ आधी कमी होतो, त्यामुळे डॉक्टरला लवकर बोलावता येतं.

"आधी हे सगळं आई बघायची," तो म्हणाला. "दहा गाई होत्या तोवर तिची नजर पुरायची. मग गाई वाढल्या आणि तिचे गुडघे गेले. रात्री दोनला उठून बघणार कोण?" त्याने सुरुवातीला दहाच पट्टे घेतले होते. फोनवर सूचना आली की आईला गोठ्यात नेऊन खात्री करून घ्यायचा. आईचं आणि पट्ट्याचं जुळायला लागलं, तेव्हा बाकीचे मागवले.

परत येताना माझ्या डोक्यात तेच होतं. आम्ही इंजिनीअर मंडळी यंत्र काय काय करतं ते सांगत सुटतो. शेतकरी आधी पाहतो की आज हे काम कोण करतं आणि त्याला ते किती दिवस झेपेल. मासींना बिल्ला हवा होता, पट्टा नको होता. या तरुणाला दोन्ही हवे होते. दोघांचेही हिशेब बरोबर होते.

चरोतरातल्या अनेक घरांतली मुलं परदेशी आहेत. आपल्या घरांतलीही आहेत. गोठ्यावरची नजर एका पिढीकडून दुसरीकडे जायला घरात दुसरी पिढी असावी लागते. ती नसेल तिथे पट्टा कामाला येईल, पण तो बरोबर सांगतोय की नाही हे ओळखणारी आई तोवर गोठ्यात हवी.

एखाद्या रविवारी मुलांना घेऊन जा. संध्याकाळी गावातल्या दूध मंडळीत बरण्या घेऊन रांग लागते तेव्हा पोहोचा. डेअरीपेक्षा तिथे जास्त शिकायला मिळेल.