अकरा इंचांची खुर्ची

मराठी माणसाच्या घरात मुलासाठी म्हणून जे लाकूडसामान पिढ्यान्‌पिढ्या येत असे, त्याची यादी फार लहान होती. बारशाला पाळणा, मूल उभे राहू लागले की पांगुळगाडा, आणि पंगतीत बसण्याइतके शहाणे झाले की एक लहानसा पाट. पाळणा पुढच्या भावंडाकडे जाई, पांगुळगाडा शेजारच्या घरी जाई, आणि पाटावर कालांतराने कोणीतरी भाजी चिरावयास बसे. पलंग ही वडीलधाऱ्यांची, नाहीतर आजाऱ्याची वस्तू. मुले माजघरात किंवा माडीवर आजीच्या डाव्या-उजव्या अंगास ओळीने निजत; कोणाचे पाय कोणाच्या पोटावर होते याचा तंटा सकाळी होई. 'मुलांची खोली' हा शब्दच त्या घरांना ठाऊक नव्हता. तेव्हा वयाच्या पस्तिशीत, सहा वर्षांच्या कन्येची खोली सजविण्याचे काम अंगावर आले असता आम्हांस परंपरेचा काडीचाही आधार सापडला नाही, यात नवल ते काय?

केंद्र सरकारच्या कचेरीत कारकुनी करणाऱ्या माणसाच्या वाट्यास जादा खोली सहसा येत नाही. परंतु भिलाईत यंदा भाड्याचे जे घर मिळाले, त्यात स्वयंपाकघरामागे दहा फूट लांब व नऊ फूट रुंद अशी एक खोली निघाली. आमच्या सौ.ने ती पाहताक्षणीच कन्येच्या नावे करून टाकली. मातोश्रींनी चष्मा पुसत विचारले, "एवढ्याशा पोरीला एकटीला निजवायचं, असा तिनं काय गुन्हा केलाय?" दोन्ही पक्षांचे म्हणणे रास्त होते, आणि दोन्ही पक्षांचे म्हणणे रास्त असले म्हणजे कारकून जे करतो तेच आम्ही केले. निर्णय राखून ठेवला व सर्वांना घेऊन बाजाराची वाट धरली.

आमचे गाव पोलादाचे. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि तेव्हापासून देशभरच्या आगगाड्या भिलाईच्या रुळांवरून धावत आहेत. आता तर येथे 130 मीटर लांबीचा अखंड रूळ तयार होतो. अशा गावात साडेतीन फूट उंचीच्या मुलीला साजेसा पलंग शोधणे हे काही अवघड काम नव्हे, अशा समजुतीने आम्ही जी. ई. रोडवरील दुकानांच्या पायऱ्या चढू लागलो.

दुकानांत काय नव्हते! मोटारीच्या आकाराचा पलंग होता, त्याला चाके होती, दिवे होते. ती मोटार जागची हलत मात्र नव्हती. राजकन्येसाठी मुकुट लावलेला गुलाबी पलंग होता. परंतु दुकानदाराचा खरा जीव होता तो एका भल्यामोठ्या संचावर. वर चढून निजावयाचे, खाली बसून अभ्यास करावयाचा, आणि चढावयाच्या जिन्याच्या प्रत्येक पायरीत कपड्यांचा एकेक खण. "अभीसे आदत पड़ेगी, साहब," असे म्हणून त्याने त्या संचातील टेबलावर अशा ममतेने हात फिरविला, की क्षणभर ते टेबलच त्याचे अपत्य असावे असा भास झाला.

कसली सवय, हे भिलाईत कोणी विचारीत नाही. येथे मुलाने इंजिनियर व्हावे ही इच्छा हवेतून श्वासाबरोबर आत जाते. कारखान्याच्या नोकरदारांनी ती आपल्या मुलांना दिली, मुलांनी शिकवणीच्या वर्गांना दिली. 2016 साली भिलाईच्या नावाने आय. आय. टी. सुरू झाली, आणि कुटेलाभाटा येथे तिचे स्वतःचे प्रशस्त आवारही उभे राहिले. अशा ठिकाणी मुलाच्या खोलीत पलंग नसला तरी चालेल, टेबल हवे!

आम्ही कन्येस त्या टेबलापुढच्या खुर्चीवर बसविले. टेबल जमिनीपासून तीस इंच उंच होते. त्याची कड तिच्या काखेशी आली आणि पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबकळू लागले. आपल्याहून मोठ्या माणसाच्या जागी बसलेल्या त्या मूर्तीकडे पाहून सौ.ही हसली. दुकानदार म्हणाला, "बच्ची तो बढ़ेगी ही." ते खरे होते. परंतु मधल्या सात-आठ वर्षांत तिने पाय कोठे टेकावेत, याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते.

घरी येऊन आम्ही जे काही वाचले, त्यात एक जुनी गोष्ट पुनः भेटली. 6 जानेवारी 1907 रोजी रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत मारिया माँटेसोरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले. त्या काळच्या शाळांतून जड बाके असत, मूल त्यांत अडकविल्यासारखे बसे. माँटेसोरीबाईंनी मुलांच्या मापाची हलकी टेबले आणि लहान खुर्च्या करविल्या. बुटकी कपाटे ठेविली, की मुलास आपली वस्तू आपल्या हाताने घेता यावी. खुर्ची पडली, आवाज झाला, तर होऊ द्यावा. त्या आवाजाने मूल स्वतःच जपून चालावयास शिकते, असे त्यांचे म्हणणे. मुलाच्या अंथरुणाविषयीही त्यांचे मत तितकेच सडेतोड होते. कठड्याचा उंच पलंग हा मुलाचा पिंजरा. त्याचे अंथरूण जमिनीलगत असावे, म्हणजे झोप आली की ते आपण होऊन निजेल आणि जाग आली की आपण होऊन उठेल.

हे वाचून आमच्या मातोश्री म्हणाल्या, "म्हणजे गोधडीच की!" आणि खरोखरच ती गोधडी होती. याच माँटेसोरीबाई 1939 साली मद्रासजवळ अड्यारला आल्या आणि महायुद्धामुळे 1946 पर्यंत हिंदुस्थानातच राहिल्या. परंतु त्याच्या आधीच, 1926 साली, गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन करून त्यांचा विचार आपल्याकडे रुजविला होता. पुढे ताराबाईंनी 1945 साली बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. तेथे आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांसह त्यांनी जे केले, ते आम्हांस फार मोलाचे वाटते. परदेशी पद्धतीची महाग साधने आदिवासी पाड्यावर कोठून आणावयाची? त्यांनी शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने केली. मूल शाळेत येईना तर शाळा त्याच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द त्यातूनच रुजला. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. एका मराठी बाईच्या अंगणातील शब्द आज देशभरच्या सरकारी टिपणांत नांदतो, याचा आम्हां कारकुनांस किंचित अभिमान वाटला तर तो क्षम्य मानावा.

इतके कळल्यावर दुकानांचा नाद सोडून आम्ही सुपेल्याजवळच्या एका वृद्ध सुताराकडे गेलो. त्याने आम्हांस काही विचारले नाही. "इहाँ आ, नोनी," असे म्हणून त्याने कन्येस जवळ बोलाविले. छत्तीसगढीत लहान मुलीला नोनी म्हणतात. तिला भिंतीशी उभे करून त्याने टाचेपासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंत पट्टी लावली. अकरा इंच. "खुर्चीची बैठक एवढीच," तो आपल्या हिंदीत म्हणाला, "याहून उंच केली तर पाय झोपतील, ठेंगणी केली तर पोरगी उठता-बसता कंटाळेल." चार दुकाने झाली होती, कन्येचे माप घेणारा हा पहिलाच गृहस्थ. मग लाकडाचा विचार निघाला. या मुलखात सालाचे लाकूड विपुल आणि चिवट, परंतु वजनाने भारी. त्याची खुर्ची मुलीला उचलेना. म्हणून खुर्चीसाठी सागाच्या उरलेल्या फळ्या निवडल्या. पाय पुढे वाढविता येतील का, असे आम्ही विचारताच म्हातारा हसला. "नोनी बढ़ही, खुर्सी नइ बढ़य."

पलंगाचा प्रश्न मात्र इतका सरळ सुटला नाही. कन्येचे अंथरूण जमिनीलगत हवे हे मान्य. परंतु मातोश्रींचे गुडघे माँटेसोरीबाईंच्या विचारात नव्हते. त्यांना उठावयास उंच पलंगच हवा. आणि त्या नव्या खोलीत नातीबरोबर निजणार, हे तर त्यांनी पहिल्याच दिवशी मनाशी ठरविलेले. एका खोलीत दोन उंच पलंग ठेविले असते तर चालावयास वाट उरली नसती. शेवटी आजीचा जुना पलंग खिडकीपासून दूर भिंतीशी गेला आणि त्याच्या शेजारी सुताराने सहा इंच उंचीची एक बैठी चौकट करून दिली, तीवर कापसाची गादी. रात्री आजीचा हात पलंगावरून खाली येतो आणि नातीचा हात वर जातो. त्या मधल्या दीड फुटात गोष्टी सांगितल्या जातात.

कपाट कंबरेइतकेच केले. त्याचे कारण केवळ मुलीचा हात पोचावा एवढेच नव्हते. उघडलेल्या खणांवर मुले चढतात आणि उंच कपाट अंगावर येते. 2016 साली अमेरिकेत अशा अपघातांनंतर एका कंपनीला सुमारे 2 कोटी 90 लाख कपाटे परत मागवावी लागली होती. उंच कपाट भिंतीला आवळून बांधावे हा त्यावर उपाय. परंतु आमच्या घरमालकांचा भिंतीत खिळा ठोकण्यास सक्त मज्जाव आहे. भाडेकरूने बुटके कपाटच करावे, हे बरे.

आणखी एक हिशेब सरकारी नोकराला करावाच लागतो. बदली झाली असता आमच्या श्रेणीच्या कर्मचाऱ्यास 1500 किलोपर्यंतचे सामान सरकारी खर्चाने नेता येते. त्यात मातोश्रींचा पलंग आहे, त्यांची तांब्यापितळेची भांडी आहेत, आमची पुस्तके आहेत. म्हणून चौकट आणि कपाट दोन्ही बोल्टांनी जोडलेली, सुटी करता येतील अशी करून घेतली.

राहिले टेबल. सौ.ने त्याचा आग्रह सोडला नव्हता. तिच्या माहेरी चार भावंडांत एकच टेबल होते, आणि ती धाकटी; तिची पाळी रात्री दहानंतर, घरातले दिवे मालवू लागले की येई. मुलीला टेबलासाठी वाट पाहावी लागू नये ही तिची इच्छा त्या दहानंतरच्या काळोखातून आली आहे, हे आम्ही जाणतो. शेजाऱ्यांच्या मुलांशी तिचा संबंध नाही. तेव्हा वाद घालण्यात अर्थ नव्हता. आम्ही खिडकीखालची साडेतीन फूट भिंत मोकळी ठेविली आणि ती टेबलासाठी राखीव असल्याचे तोंडी जाहीर केले. कन्या चौथीत गेली की टेबल येईल. तेही तिचे माप घेऊन. तोवर चित्रे काढावयास वीस इंच उंचीचे एक लहानसे मेज पुरे आहे. सौ.ने ही तडजोड मान्य केली; मात्र त्या मोकळ्या जागेत दुसरे काही ठेवू द्यावयाचे नाही, या अटीवर. त्यामुळे खोलीत आयताच एक रिकामा चौक मिळाला, आणि खोलीतील सर्वांत जास्त खेळ तेथेच होतो.

सामान येऊन आता दोन महिने झाले. अंथरुणात कन्या आपली आपण निजते. कपाटातून आपले कपडे आपण काढते आणि ते बहुधा उलटे घालते. त्या अकरा इंचांच्या खुर्चीचा उपयोग मात्र खोलीत फारसा होत नाही. सकाळी ती मोरीपाशी असते, कारण तिच्यावर उभे राहिले की नळापर्यंत हात पोचतो. दुपारी स्वयंपाकघरात, कारण तेथून पोळ्या लाटताना दिसतात. आणि संध्याकाळी आम्ही कचेरीतून परततो तेव्हा ती बाहेर व्हरांड्यात असते, तिच्यावर खुर्चीची धनीण बसलेली असते आणि तिचे दोन्ही पाय जमिनीला टेकलेले असतात.