शिल्लक लोकरीची टोकं

शंभर ग्रॅमच्या गुंड्यातून मोज्यांची एक जोडी निघते आणि वर पंचवीस-तीस ग्रॅम उरते. त्यात दुसरी जोडी होत नाही, टाकवतही नाही. जर्मनीत मोजे विणणाऱ्या बाईच्या घरी अशा लोकरीची एक पेटी असतेच. माझ्याकडे तीन आहेत. यंदा आमच्या विणकाम-गटाने पैज लावली: जानेवारी ते मार्च नवी लोकर आणायची नाही, उरलेल्यातूनच मोजे विणायचे आणि बेघरांच्या निवाऱ्याला द्यायचे. मी तोऱ्यात हात वर केला. अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागतो, हे मात्र कुणाला सांगितलं नाही.

विणताना तो फारसा जाणवत नाही. जीव जातो तो टोकं आत घेताना. चिमटीत सुई धरायची आणि उलट बाजूच्या टाक्यांतून धागा ओवत न्यायचा. एका मोज्यात दहा तुकडे म्हणजे वीस टोकं, जोडीला चाळीस.

आई स्वेटर विणताना हे चुटकीसरशी मिटवायची. दोन्ही टोकांचा पीळ सोडायचा, थुंकी लावून ती एकमेकांवर ठेवायची, तळव्यांत चोळायची, धागा अखंड. साध्या लोकरीच्या तंतूवर खवले असतात, ते ओल, ऊब आणि घर्षणाने एकमेकांत अडकतात. मोज्यांच्या लोकरीला ही सोय नाही. ती बहुधा 75 टक्के लोकर आणि 25 टक्के नायलॉन. शिवाय यंत्रात 40 अंशांवर धुता यावी म्हणून खवले क्लोरीनने बोथट केलेले, वर राळेचा पातळ थर. मोजा आटू नये म्हणून जे केलं, त्यानेच टोक टोकाला धरेनासं झालं. तळवे लाल होईतो चोळा, धागा सुटा तो सुटाच.

गटातल्या एक बाई गाठ मारतात. सरकती दुहेरी गाठ ओढून घट्ट करायची, टोकं मुळाशी कातरायची. सुटत नाही, कबूल. त्यांची थप्पी माझ्यापेक्षा उंच असते आणि त्या ती मुद्दाम टेबलाच्या मध्यावर मांडतात. शालीत गाठ चालेल. तळव्याखाली ती चपलेतल्या खड्यासारखी बोचते.

मी नवा धागा आठ-दहा टाके आधीच पाठीमागून सोबत घेते, एका टाक्याला वरून, पुढच्याला खालून. टोक विणता विणताच आत जातं, अंगठा वाचतो. पण चार सुयांवर टाके असले की फेरी सुरू होते चौथ्या आणि पहिल्या सुईच्या मध्ये. टाच वळल्यावर ती जागा येते तळव्याच्या बरोबर मध्यावर. रंग तिथे बदलला तर सगळा जाडपणा पायाखाली. म्हणून टाचेनंतर मी फेरीची सुरुवात कडेला नेते. आता पट्ट्याची पायरी कडेला दिसते. दुसऱ्या फेरीचा पहिला टाका न विणता सरकवला की ती बरीच मोडते, पुरती कधीच नाही. त्यात गडद टाक्यांमागून फिकं टोक डोकावतं. मग फिक्यावरून गडदाकडे पायरीपायरीने जाणं आलं. गटात माझ्या रंगसंगतीचं कौतुक होतं. ते रंग टोकं लपवण्यासाठी लावलेले असतात, हे मी सांगत नाही. कौतुक घेते.

आणि दुकानांनी तर कमाल केली आहे. 20-20 ग्रॅमच्या लडींचे संच मिळतात, नाताळाआधी 24 लडींची पेटी. लोक त्या आणून ‘शिलकीची’ गोधडी विणतात. शिल्लक विकत आणायची, ही कुठली तऱ्हा! आमच्या पैजेतही दोघींचे गुंडे संशयास्पद नवे दिसतात. मी गप्प आहे, कारण तिसऱ्या पेटीतल्या गडद निळ्या गुंड्याला मीही हात लावलेला नाही. तो माझ्यासाठी ठेवला आहे.

पैज गाठवाल्या बाईच जिंकणार, हे मला दिसतंय. त्यांना आणि त्यांच्यासारख्यांना एकच विनंती: मोजा निवाऱ्याला देण्याआधी आपल्या पायात घालून दिवसभर चाला. तो ज्याच्याकडे जाणार आहे, त्याला चालावंच लागतं.