अब्बांचं घड्याळ

अब्बांची अँजिओप्लास्टी झाल्यावर मी त्यांना ई-सिमचं स्मार्टवॉच घेऊन दिलं. अमरावतीत ते एका चार्जिंगवर दीड दिवस चालायचं. चिखलदऱ्याला गेलो, तर सकाळी पूर्ण भरलेलं घड्याळ असरच्या वेळेला बंद!

आधी मी स्क्रीनला दोष दिला. नमाजमध्ये हात उचलला की ती उजळायची. ते सेटिंग बंद केलं, पण फारसा फरक पडला नाही. मग बॅटरीचा वापर उघडून पाहिला. सगळ्यात मोठा आकडा मोबाइल नेटवर्कचा होता.

अब्बा फोन खोलीवरच ठेवून फिरायला जायचे. ब्लूटूथ तुटलं की घड्याळ स्वतःच टॉवर शोधायला लागायचं. सुमारे 1,100 मीटर उंचीवरच्या या गावात दरीच्या काठाला सिग्नल येतो नि जातो. सिग्नल जितका कमजोर, तितका यंत्राचा जोर जास्त लागतो. इवल्याशा बॅटरीला ते कसं झेपावं?

घड्याळातलं नेटवर्क बंद केलं, फोन अब्बांच्या खिशात दिला. हृदयाचे ठोके मोजणं सुरूच ठेवलं, त्याला नेटवर्क लागत नाही. इशापर्यंत निम्मी बॅटरी शिल्लक होती.

पण रात्री झोप लागेना. दरीकाठी फोनलाही सिग्नल नसला, तर घड्याळ निरोप देणार कुणाला? ते बांधून मी निर्धास्त झालो होतो, एवढंच.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर अब्बा चपला घालायला लागले, तेव्हा मीही उठलो.

“तू कुठं?” त्यांनी विचारलं.

“तुमच्यासोबत.”