वानचं पाणी

अकोट तालुक्याच्या दक्षिण टोकाला, पूर्णेपासून हाकेच्या अंतरावर माझ्या आत्याचं गाव आहे. गावात विहिरी आहेत, हातपंप आहेत, पाणी फार खोलही नाही. पण ते खारं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहा ठेवला तर दूध फाटतं. पाण्याच्या गुंडाच्या आत चढणारा पांढरा थर आत्या चिंचेनं घासून काढते आणि आठवडाभरात तो पुन्हा चढतो. "पानी त लय हाये बाप्पा," ती म्हणते, "पन पेता येत नाई." पूर्वी या गावात मुलगी द्यायची म्हटलं की सोयरे आधी पाण्याचं पुसत, शेतीचं मागाहून.

हा खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांनी पसरला आहे. नऊशेच्या आसपास गावं त्यात येतात. सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगरांमधल्या खोलगट भागात गाळ साचत गेला, आणि त्या गाळातलं मीठ कधी वाहून गेलंच नाही. वर काळी, चिकट, भारी जमीन. श्रावणात बांधावरून चालताना चपला हातात घ्याव्या लागतात, आणि मे महिन्यात त्याच जमिनीच्या भेगेत हात कोपरापर्यंत जातो. विहिरीचं पाणी पिकाला द्यावं तर माती आणखी घट्ट होते, निचरा उरत नाही, दोन-चार वर्षांत शेत चिबडतं. म्हणून इथला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या आभाळाकडं पाहून पेरत आला: कापूस, ज्वारी, मूग. कापसाच्या गाठी इथून मँचेस्टरपर्यंत गेल्या, जिनिंगवाले गब्बर झाले, आणि पेरणारा पुढच्या मिरगाची वाट पाहत राहिला. पावसाळा सरल्यावर जमिनीतल्या ओलीवर हरभरा. त्या हरभऱ्याच्या सोल्यांची चव बागायतीतल्या हरभऱ्याला नाही, असं माझं मत आहे. त्यात आत्याच्या हाताचा वाटा किती आणि जमिनीचा किती, ते मला सांगता यायचं नाही.

आता ती ओलच बेभरवशाची झाली. पाऊस वर्षभराच्या हिशेबात कमी दिसत नाही, पण पडायची रीत बदलली आहे. आधी वीस-वीस दिवसांचा खंड, मग एका रात्रीत नदीनाले एक. २०२१ च्या जुलैत अकोल्यात एका दिवसात दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला आणि शहरातल्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. याच अकोल्यात २०२४ च्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला, तेव्हा प्रशासनानं चक्क कलम १४४ लावलं. दंगलीसाठी ठेवलेलं कलम उन्हाला लावलं, यावर गावात बरेच दिवस विनोद चालले. दुपारच्या मजुरीवर ज्यांची चूल पेटते त्यांना मात्र हसू आलं नसणार.

या जमिनीनं एक गोष्ट आपल्या बाजूनं राखून ठेवली होती, ती लोकांच्या उशिरा ध्यानात आली. जी माती पाणी खाली जाऊ देत नाही म्हणून तिला शिव्या खाव्या लागल्या, तीच माती शेततळ्याच्या तळाशी पाणी धरून ठेवते. इतर ठिकाणी तळ्याला प्लास्टिकचं अस्तर लागतं. इथं नुसतं खोदलं तरी पाणी हिवाळ्यापर्यंत टिकतं. हे पाणी आभाळाचं, म्हणजे गोडं. हरभऱ्याला फुलोऱ्यात एक आणि घाटे भरताना एक, अशी दोन पाणी मिळाली की हंगाम हातातून जात नाही. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' आलं. पाठोपाठ २०१८ पासून जागतिक बँकेच्या मदतीनं नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प उभा राहिला, त्यात या पट्ट्यातली गावं मुद्दाम घेतली गेली. सरकारी योजनांविषयी मी सहसा चांगलं बोलत नाही. इथं बोलावं लागतं.

पिण्याचं पाणी मात्र नळानं येतं, आणि ते येतं वान प्रकल्पातून, चौऱ्याऐंशी खेडी योजनेतून. तेल्हारा तालुक्यात वारी भैरवगडजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी हे धरण आहे, हनुमान सागर. साठा सुमारे ८२ दशलक्ष घनमीटर. अंजनगाव-दर्यापूरकडच्या गावांना शहानूर धरणाचं पाणी मिळतं. वान काय आणि शहानूर काय, दोन्ही नद्या मेळघाटातून उतरतात. खारपाणपट्ट्यातल्या घरात पहिला गोडा घोट येतो तो त्या जंगलातून. तरी आम्ही मैदानातली माणसं मेळघाट म्हटलं की वाघ, कोरकू आदिवासी आणि चिखलदऱ्याची सहल एवढंच धरून चालतो.

अकोला-खंडवा मीटरगेज याच जंगलातून जात असे. धूळघाटाजवळ गाडी वळसा घेऊन स्वतःच्याच रुळांवरून पलीकडे जायची. त्याला चारचा आकडा म्हणत. आम्ही पोरं खिडकीतून खालचे रूळ शोधायचो. २०१७ मध्ये ही गाडी बंद झाली आणि ब्रॉडगेजचा प्रश्न आला. मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प. त्यातून चाळीसेक किलोमीटर रूळ रुंद करायचे, की जंगल सोडून बाहेरून वळायचं? वर्षानुवर्षं भांडण चाललं. बाहेरच्या वाटेनं अंतर वाढतं, खर्च वाढतो. पण ती बुलडाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद, संग्रामपूर भागातून जाते, जिथं माणसं राहतात आणि ज्यांनी कधी रेल्वे पाहिली नाही. जंगलातल्या रुळांवर तिकीट काढणार कोण होतं? अखेर बाहेरची वाट मान्य झाली. अकोला ते अकोट गाडी २०२२ च्या नोव्हेंबरात सुरू झाली, पुढचं काम रेल्वेच्या चालीनं चाललं आहे.

रेल्वेला वळसा घालायला सांगता आलं. कोरकूंना तसं कुणी विचारलं नाही. वाघासाठी गावं उठवून अकोट-तेल्हाऱ्याच्या मैदानात वसवली. कबूल केलेली जमीन, सोयी पुऱ्या मिळाल्या नाहीत अशी तक्रार घेऊन त्यातली काही माणसं पुन्हा जंगलात गेली, आणि २०१९ च्या जानेवारीत वनखात्याची माणसं आणि गावकरी एकमेकांना भिडले. आमच्या नळाची किंमत त्यांनीही चुकती केली आहे. पाणीपट्टीच्या पावतीवर ती रक्कम कुठं दिसत नाही.

आणि आता त्याच वान धरणासाठी आमची आपसात ओढाताण. बाळापूर तालुक्यातल्या ६९ गावांना वानचं पाणी देण्याच्या योजनेला २०२२ मध्ये स्थगिती मिळाली. पुढच्या एप्रिलात तिथले आमदार खारं पाणी सोबत घेऊन अकोल्याहून नागपूरकडे पायी निघाले. तेल्हारा-अकोटचा शेतकरी म्हणतो, धरण सिंचनासाठी बांधलं, आमच्या केळीचं, संत्र्याचं काय? त्याचंही खोटं नाही. माझं मत विचाराल तर पिण्याचं पाणी आधी. पण मी केळी लावलेली नाही, त्यामुळं हे म्हणणं मला स्वस्तात पडतं.

आत्याच्या घरी वाद याहून लहान मापाचा आहे. आतेभावाचं एक तळं आहे; पोराला दुसरं हवं. "एक तळं खोदलं त जमीन गेली. दुसरं खोदू त पेरू कुठं?" बाप म्हणतो. पोरगं म्हणतं, "पानीच नसन त पेरून कराचं काय?" आत्या पोराच्या बाजूनं आहे. गेल्या भेटीत जेसीबीवाल्याला सांगून झालं होतं, पण तो तासाचा भाव वाढवून मागतो आहे आणि बाप अजून घासाघीस करतोय.