ऑक्सिजनचा ओव्हरड्राफ्ट

बँकेत बावीस वर्षे खुर्चीवर बसून काढलेल्या माणसाने धावण्यावर लिहावे, हे बोळक्या तोंडाच्या माणसाने उसावर लिहिण्यासारखे आहे. पण प्रसंगच तसा आला. आमच्या कन्येने पोलीस भरतीचा फॉर्म भरला.

मी बी. कॉम., तेव्हा मुलगी बँकेच्या परीक्षेला बसणार हे घरात गृहीत होते. गृहीत धरलेली रक्कम जमा होत नसते, हे निदान मला तरी ठाऊक असायला हवे होते. ‘दिवसभर बसूनच राहायची नोकरी काहून करू?’ असे म्हणून ती पहाटे पाचला राजूर घाटाकडे पळत सुटली. पाठोपाठ मी. अर्थात स्कूटरवर.

मागच्या भरतीत ती दोन गुणांनी राहिली. त्या रात्री ती जेवली नाही. मनातून तिला बँकेतच पाहणारा मीही जेवलो नाही, याचे मला स्वतःलाच नवल वाटले. सौ.ने भाकरी झाकून ठेवली, आणि दुसऱ्या दिवसापासून मी घड्याळ घेऊन मैदानावर हजर.

मुलींची मैदानी चाचणी 50 गुणांची. 800 मीटर धावण्याला 20, 100 मीटरला 15, गोळाफेकीला 15. म्हणजे एकाच पोरीने एकाच दिवशी तीन निरनिराळ्या जातींचे खेळाडू व्हायचे. मैदानावरच्या एका अनुभवी मास्तरांनी मला ‘एरोबिक’ आणि ‘अॅनारोबिक’ हे शब्द ऐकवले. मी मान डोलावली. न कळता मान डोलावण्याचा सराव मला ऑडिटच्या दिवसांत झालेला आहे.

पण मग ते म्हणाले, ‘ऑक्सिजनचे कर्ज,’ आणि माझे कान टवकारले! ए. व्ही. हिल नावाच्या नोबेलविजेत्या इंग्रज शास्त्रज्ञाने 1920 च्या दशकात हा शब्द रूढ केला म्हणे. गृहस्थ नक्की आमच्या लाइनमधला असावा.

हिशेब सोपा आहे. गोळा फेकायला किंवा 100 मीटरला खिशातली रोकड लागते. स्नायूंत तयार असलेला हा साठा दहाएक सेकंदांत उडतो. त्यापुढे जोर कायम ठेवायचा तर ऑक्सिजनची वाट न पाहता साखर जाळायची, म्हणजे मिनिट-दोन मिनिटांचा ओव्हरड्राफ्ट. आणि खामगावहून शेगावला पायी निघालेला वारकरी? तो पगाराच्या खात्यावर चालतो. श्वास येतो तेवढाच खर्च, म्हणून तोंडाने नामस्मरणही चालू राहते. आपल्या बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेने 2024 मध्ये पॅरिसला 3000 मीटर स्टीपलचेस 8 मिनिटे 9.91 सेकंदांत संपवली, तीही मुख्यतः याच खात्यावर. फक्त त्याचा पगार मोठा! आमच्या बुलडाण्याचा प्रथमेश जावकर 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत तिरंदाजीचे सांघिक सुवर्ण घेऊन आला, तेव्हा उभ्या उभ्या खेळायचा खेळ म्हणून मला फार आशा वाटली होती. पण धनुष्य ओढून हात स्थिर ठेवायला काय लागते, ते एकदा नुसते धरून पाहिले. पुन्हा विषय काढला नाही.

पूर्वी लॅक्टिक आम्लाला लोक सावकारी व्याजासारखे शिव्या द्यायचे. आता कळले आहे की शरीर त्या लॅक्टेटचेही इंधन करते. थकबाकीच पुन्हा चलनात आणणारी अशी शाखा मी तरी पाहिली नाही.

आमची अडचण 800 मीटरची होती. ही शर्यत बरीचशी पगारावर, पण उधारीचा वाटाही चांगलाच. कन्या पहिली फेरी 1 मिनिट 20 सेकंदांत मारायची आणि दुसरीला दोन मिनिटे घ्यायची. मास्तरांनी दोन दिवस संथ, गप्पा मारता येतील असे लांब धावणे दिले, एक दिवस 200 मीटरचे तुकडे आणि मध्ये विश्रांती, एक दिवस छोट्या जोरकस धावा आणि प्रत्येकीनंतर भरपूर विश्रांती. ती मधली विश्रांती तिला आळस वाटे. ‘अगं, ती परतफेड आहे!’ मी ओरडलो. ‘आणि पाच तारखेलाच पगार उडवू नकोस!’

त्या दिवशी पहिली फेरी 1.34, दुसरी 1.37. मी तीनदा बेरीज केली. नऊ सेकंद वाचले होते.

ती गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत म्हणाली, ‘बाबा, तुमची बँक पहिल्यांदाच माह्या कामी आली. आता तुम्ही पळा, मी घड्याळ धरते.’

मी पळालो. ऐंशी मीटरवर माझे खाते गोठले. उरलेले अंतर चालत पार केले. ‘वेळ किती?’ विचारले, तर म्हणाली, ‘सांगण्यासारखी नाही.’

घरी चार किलोचा गोळा आणला आहे. सकाळी तो तिच्या हातात असतो. दुपारी गच्चीवरचे पापडाचे फडके वाऱ्याने उडू नये म्हणून सौ. त्यावर ठेवते. काल संध्याकाळी तो खाली आणताना माझी कंबर धरली. उद्या पाचला स्कूटर कोण चालवणार, एवढाच आता घरात प्रश्न आहे.