अप्पांच्या ॲम्प्लिफायरची घरघर

अप्पांनी स्वतः बनवलेला ॲम्प्लिफायर कित्येक वर्षं लासूर स्टेशनच्या घरी माळ्यावर पडून होता. परवाच्या दिवाळीत खाली काढला. आउटपुटला एकच ईएल-84, त्याच्याआधी ईसीसी-83, रेक्टिफायर ईझेड-81. तिन्ही व्हॉल्व्ह बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे. आधी सिरीज बल्बवर लावला. व्हॉल्व्ह तापले आणि गाण्याच्या आधी आली ती घरघर! काका-आत्यांना नक्की आठवत असेल.

मी लहानपणी अप्पांना विचारलं होतं, ही घरघर काढता येत नाही का? "चोक परवडला नाही रे," एवढंच म्हणाले होते. तेव्हा काही कळलं नव्हतं.

ईसीसी-83 उपटून पाहिला, तरी घरघर तशीच. म्हणजे दोष वीजपुरवठ्यात किंवा आउटपुटला. विजेची 50 ची कंपनं रेक्टिफायरनंतर 100 होतात, आणि जुने कंडेन्सर सुकले की ती थेट स्पीकरपर्यंत पोचतात. अप्पांनी 32-32 मायक्रोफॅरडच्या दोन कंडेन्सरमध्ये 1 किलोओहमचा रेझिस्टर टाकला होता. चोकच्या जागी.

मग मुंबईहून 10 हेन्रीचा चोक आणला. 100 कंपनांना तो सहा हजारांवर ओहमचा अडथळा करतो, पण सरळ प्रवाहाला जेमतेम 300. इथंच मी फसणार होतो. रेझिस्टर काढून नुसता चोक घातला असता तर तिथं पडणारे 50-55 व्होल्ट पडलेच नसते आणि 250 व्होल्टवर बसवलेला बिचारा ईएल-84 भाजून निघाला असता. म्हणून चोकबरोबर 680 ओहमचा रेझिस्टर ठेवला. चोकनंतर 100 मायक्रोफॅरड, पण पहिला कंडेन्सर 33 चाच, कारण ईझेड-81 ला 50 च्या वर चालत नाही. डायोड टाक, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. नको. डायोड व्हॉल्व्ह तापायच्या आधीच पूर्ण व्होल्टेज देतो, ईझेड-81 सावकाश देतो. (आणि तो अप्पांनी लावलाय, हेही आहेच.)

आमच्याकडे रात्री मोटारी बंद झाल्या की व्होल्टेज 250 वर जातं. ट्रान्सफॉर्मर 220 च्या टॅपवर होता, म्हणजे 6.3 च्या हीटरला सव्वासात व्होल्टच्या आसपास! 240 चा टॅप रिकामाच होता, त्यावर घेतला.

एक गोष्ट मात्र अंगावर काटा आणणारी. तपासताना मी ईएल-84 आणि ईसीसी-83 काढून ठेवले होते. बंद करून पाच मिनिटांनी मीटर लावला तर कंडेन्सरवर अजून 300 च्या वर! शेजारी भाचा स्क्रू-ड्रायव्हर पुढे करून बसलेला. इतक्या जोरात ओरडलो की तो रडायलाच लागला. त्याच संध्याकाळी कंडेन्सरला 220 किलोओहमचा, 2 वॅटचा रेझिस्टर समांतर जोडून टाकला. आता बंद केल्यावर दोनेक मिनिटांत सगळं उतरतं, तरी मीटर लावल्याशिवाय हात घालत नाही. अप्पांच्या स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाला एक जळका खड्डा आहे. तो कशाचा, ते आता कळलं.

रात्री जेवणं झाल्यावर ॲम्प्लिफायर लावला. व्हॉल्व्ह लाल झाले, स्पीकर गप्प. कान लावून पाहिलं, अगदी बारीक खरखर, बस्स.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "लाइट गेली का रे?"

"नाही गं," म्हटलं आणि रेडिओ जोडला.