पगाराची तारीख

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कितीतरी गाळे आहेत. बफिंगची काळी धूळ कामगाराच्या भुवयांवर बसलेली असते आणि त्याच्या हातातली परात मात्र लखलखत असते. आज एका गाळ्यापाशी मी बराच वेळ रेंगाळले. मालक फोनवर थकलेले पैसे मागत होते. छोट्या उद्योगांचे पैसे 45 दिवसांत चुकते करावेत असा कायदा 2006 सालचा आहे, पण कायमच्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार कोण करणार?

माझा पगार मात्र ठरल्या तारखेला जमा होतो, त्यावर घराचा हप्ता जातो. मराठी माणसाला नोकरीच हवी म्हणून टोमणे मारणाऱ्यांचा मला राग येतो. या निश्चिंतीवर अख्खी घरं उभी राहिली आहेत.

धंदाही याच आधारावर सुरू होऊ शकतो; लक्ष्मणराव किर्लोस्करांचंच बघा. मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असतानाच ते बेळगावला भावाकडे विक्रीसाठी सायकली पाठवत. बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडली. पुढे लोखंडी नांगर केला, तर लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात. किर्लोस्करवाडी उभी राहिली ती 1910 मध्ये. म्हणजे धंदा सुरू झाला तो पगार चालू असतानाच!

मलाही मसाल्यांचा धंदा सुरू करायचा आहे. मसाले मला उत्तम जमतात, त्याबद्दल शंका नाही. प्रश्न आहे तो ओळखीच्या माणसाकडे उधारी मागायला जीभ रेटेल का, हा. तेव्हा राजीनामा नाही. आधी अन्नव्यवसायाची नोंदणी, मग वर्षभर फक्त शनिवार-रविवारच्या ऑर्डरी. वसुलीचे फोन मात्र मीच करणार, नवऱ्याला करू देणार नाही.